आयजीबीटी बदलला तरी पुन्हा उडतो : ट्रेडमिलचा मोटर कंट्रोल बोर्ड (डीसी मोटर, १८० व्होल्ट)

दारव्हेकर

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्यायामशाळेतली ट्रेडमिल बंद पडली आहे. उघडून जेवढं दिसलं तेवढं लिहितो.

मोटरच्या पट्टीवर : डीसी, १८० व्होल्ट, २ एचपी, १० अँपिअर, ४२०० आरपीएम. बोर्ड चिनी बनावटीचा, मॉडेल नंबर कुठेच नाही. त्यावर एक ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), ४५० व्होल्ट ३३० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, एक काळा रिले, रिलेच्या शेजारी पांढरा सिमेंट रेझिस्टर, दोन निळे व्हॅरिस्टर (जास्त व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणारे). हीटसिंकवर दोन पार्ट कसलेले आहेत, त्यातला एक आयजीबीटी (मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर). कन्सोलकडे चार तारांची केबल जाते.

लक्षणं अशी : सुरुवातीला जड माणूस चढला की ई०५ दाखवून थांबायची. मग एकदा मेन स्विच लावताच, स्टार्ट न दाबता पट्टा एकदम फुल्ल स्पीडनं सुटला. नशिबानं वर कुणी नव्हतं. एका मेकॅनिकनं आयजीबीटी बदलून दिला. त्यानंतर ई०५ येणं बंद झालं, पण थोडे दिवस चालून पुन्हा धाड. आता आयजीबीटीचे तिन्ही पाय आपसात शॉर्ट आणि फ्यूज काळा. नवा बोर्ड मागवता येतो, पण तोही असाच जाणार असेल तर आधी कारण शोधलेलं बरं.

सोल्डरगन

"स्टार्ट न दाबता सुटला" यातच निम्मं निदान आहे. या बोर्डात प्लस बसमधून (ब्रिजनंतरची डीसीची लाइन) करंट मोटरमध्ये जातो, मोटरमधून आयजीबीटीत आणि तिथून मायनसला. आयजीबीटी हा मधला नळ. तो शॉर्ट झाला की नळ कायमचा उघडा, कन्सोलनं काहीही सांगितलं तरी मोटरला पूर्ण व्होल्टेज. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्या चाचण्यांमध्ये पट्ट्यावर कुणीही उभं राहायचं नाही. मोटरचा ड्राइव्ह बेल्ट उतरवूनच ठेवा.

मीटर लावण्याआधी दोन गोष्टी.

एक, कपॅसिटर. २३० व्होल्ट एसीचे ब्रिजनंतर ३२५ व्होल्ट डीसी होतात. दोन्ही कपॅसिटर पॅरलल धरले तर ६६० मायक्रोफॅरड, म्हणजे सुमारे ३५ ज्यूल ऊर्जा. हात लागला तर जीवावर बेतू शकतं. पिन काढल्यावर २.२ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी कपॅसिटरवर दहा सेकंद धरा, मग मीटरनं मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणं बंद करा, त्यानं बोर्डाचे ट्रॅक उडतात.

दोन, या बोर्डाचा मायनस म्हणजे अर्थ नव्हे. तो ब्रिजमधून थेट मेन्सशी जोडलेला असतो. तिथं ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप लावली तर स्कोप आणि ब्रिज दोन्ही जातील.

आता बोर्ड थंड असताना डायोड मोडवर हे मोजून टाका : ब्रिजचे चारही डायोड (एका दिशेनं ०.४५ ते ०.५५, उलट काहीच नाही), दोन्ही व्हॅरिस्टर (पूर्ण ओपन हवेत), हीटसिंकवरचा दुसरा पार्ट, आयजीबीटीच्या गेटचा (चालू-बंदचा सिग्नल घेणारा पाय) रेझिस्टर, आणि मायनस बसच्या वाटेत एक जाड यू आकाराची तार दिसेल, ती. ती शंट आहे, करंट मोजण्यासाठीची. तिचा जवळून फोटो टाका.

चिखलीवाला

एवढं कशाला? २५एन१२० टाका, इंडक्शन शेगडीतला. तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो, १२०० व्होल्टचा आहे म्हणजे ६०० वाल्यापेक्षा दुप्पट मजबूत.

अचलपूरची

चिखलीवाला भाऊ, इथं अडचण व्होल्टेजची नाही. बस ३२५ व्होल्टचा आहे, त्याला ६०० किंवा ६५० व्होल्टचा पार्ट पुरतो. शेगडीतले आयजीबीटी, म्हणजे २५एन१२०चे बरेच प्रकार आणि एच२०आर१२०३, रेझोनंट सर्किटसाठी काढलेले असतात. शेगडीत ते व्होल्टेज शून्याजवळ असताना चालू होतात, त्यामुळे स्विचिंगची उष्णता कमी. ट्रेडमिलमध्ये प्रत्येक सायकलला पूर्ण ३२५ व्होल्ट आणि चालू करंट यांच्यामध्ये स्विच व्हावं लागतं, सेकंदाला दहा-पंधरा हजार वेळा. तिथं हे पार्ट जास्त तापतात. शिवाय १२०० व्होल्टच्या पार्टमध्ये चालू असतानाचा व्होल्टेज ड्रॉपही साधारण जास्त असतो.

एफजीएच४०एन६० किंवा त्या वर्गातला ६०० ते ६५० व्होल्ट, ४० अँपिअरचा, मोटर ड्राइव्हला चालणारा पार्ट घ्या. पाय समोरून डावीकडून गेट, कलेक्टर, एमिटर असेच येतात, तरी डेटाशीट पाहून घ्या. काहींच्या आत उलटा डायोड असतो, काहींत नसतो. त्यामुळे नवा पार्ट मोजताना एमिटरवर लाल, कलेक्टरवर काळी लावून ०.४ दिसलं काय किंवा काहीच दिसलं नाही काय, दोन्ही बरोबर असू शकतं. आकडा कुठला हवा ते प्रकारावर ठरतं.

चिखलीवाला

ठीक ताई, पण खेड्यात ४०एन६० कुठून आणायचा?

अचलपूरची

नागपूरला सीताबर्डीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरनं येतो. जुना उतरवलेला, पायांवर सोल्डर असलेला घेऊ नका. छाप पुसून नवा नंबर मारलेलेही विकले जातात. कपॅसिटन्स मोजणारं मीटर असेल तर गेट-एमिटरमध्ये मोजा आणि डेटाशीटमधल्या इनपुट कपॅसिटन्सशी ताडून पाहा. अगदी तंतोतंत जुळणार नाही, पण निम्म्याहून कमी दिसलं तर आत लहान चिप भरली आहे असं समजून परत करा.

वऱ्हाडी_वायरमन

राजेहो, बोर्डाचं चालू द्या, पण थो बोर्ड मेला काहून हे कोनी पाहातच नाही. ई०५ म्हणजे बहुतेक चिनी बोर्डात ओव्हरकरंट. जड मानूस चढला का ई०५ येते, म्हणजे मोटरवर लोड जास्त येते. लोड काहून येते? पट्टा सुकला.

मेन बंद करा, ड्राइव्ह बेल्ट उतरवा अन् चालायचा पट्टा हातानं वढून पाहा. मंग पट्ट्याखाली हात घाला. खालचा डेक, म्हंजे फळी, गुळगुळीत अन् बोटाला जराशी चिकटसर सिलिकॉन लागली पाह्यजे. कोरडा, चटचट करनारा डेक असंन, पट्ट्याचं अस्तर चमकत असंन, तं समजा घासून घासून झालं काम. तेल टाका लागते थे फक्त शुद्ध सिलिकॉन, २० ते ३० मिली, पट्टा उचलून दोन्ही बाजूनं मध्यापर्यंत. खोबरेल नाही, इंजिन ऑइल नाही, शिलाई मशीनचं तेल तं बिलकुल नाही. खनिज तेलानं अस्तर फुगते अन् डेकचं वरचं आवरण सुटते.

पट्टा ताणला किती थेही पाहा. मधात काठ धरून उचलला तं पाच-सात सेंटीमीटर उठला पाह्यजे. घसरते म्हनून लोक मागचे बोल्ट कसत जाते, मंग बेअरिंगही जाते अन् मोटरही.

दारव्हेकर

सगळ्यांचे आभार. मोजलेले आकडे :

ब्रिज चारही बाजूंनी ०.५च्या आसपास, चांगला. व्हॅरिस्टर दोन्ही ओपन, १४डी४७१ लिहिलं आहे. हीटसिंकवरचा दुसरा पार्ट एमयूआर१५६० डायोड, एका बाजूनं ०.४२, उलट ओपन. गेटचा रेझिस्टर २२ ओहमचा असावा, रंग जळालेत, मीटर ओपन दाखवतं. त्यामागे टीएलपी२५० (गेटला सिग्नल देणारी ड्रायव्हर आयसी) आहे.

शंटचा फोटो टाकला आहे. यू तारेवर तांब्याच्या तारेचे वेढे देऊन कुणीतरी झाळलं आहे. हे कंपनीचं काम वाटत नाही.

सोल्डरगन

सापडलं. फोटो मोठा करून पाहिला. मूळ शंट मळकट चंदेरी रंगाची, कॉन्स्टंटनची तार आहे. तापली तरी तिचा रेझिस्टन्स बदलत नाही, म्हणून तिथं ती वापरतात. तिच्यातून करंट गेला की काही मिलिव्होल्ट तयार होतात, ते एलएम३५८ (अँप्लिफायर आयसी) वाढवतो आणि कंट्रोलर त्यावरून ओव्हरकरंट ठरवतो. वर तांबं पॅरलल बसवलं की तेवढ्याच करंटला मिलिव्होल्ट कमी. बोर्डाला १६ अँपिअर ८ वाटतात किंवा त्याहून कमी. ई०५ गेला तो असा. दुखणं तसंच राहिलं, ओरडणारा तेवढा गप्प केला.

तांब्याची तार पूर्ण काढा. डीसोल्डर विकनं सोल्डर ओढून घ्या, शंटचे दोन्ही सांधे नव्यानं झाळा. मूळ तार वितळून बारीक झालेली नाही ना पाहा. झाली असेल तर तेवढ्याच जाडीची आणि लांबीची कॉन्स्टंटन तारच बसवायची, अंदाजानं दुसरी नको.

आता आयजीबीटी जाताना मागे काय काय ओढून नेतो ते. कलेक्टर-गेट शॉर्ट झालं की ३२५ व्होल्ट गेटच्या वाटेनं ड्रायव्हरमध्ये घुसतात. गेट रेझिस्टर जळतो, गेटला लावलेला १५ किंवा १८ व्होल्टचा झेनर शॉर्ट होतो, टीएलपी२५० मरतो. मरताना तो पूर्ण ऑनमध्ये अडकला तर नवा आयजीबीटी लावताक्षणी पट्टा पुन्हा सुटणार. म्हणून गेट रेझिस्टर, झेनर आणि टीएलपी२५० हे तिन्ही आयजीबीटीसोबतच बदला, मीटरवर चांगले दिसले तरी. त्यांची किंमत आयजीबीटीच्या पासंगालाही पुरत नाही.

टीएलपी२५०च्या ८ आणि ५ नंबरच्या पायांमध्ये सप्लाय मोजा. १५ व्होल्टच्या आसपास हवा. ८-९ असेल तर आयजीबीटी पूर्ण उघडत नाही, अर्धवट उघडा राहून प्रेशर कुकरसारखा तापतो आणि बाकी सगळं ठीक असूनही जातो. कारण बहुतेक वेळा तिथला ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा लहान कपॅसिटर सुकलेला असतो. तो हीटसिंकला चिकटून बसवलेला असतो, उन्हाळ्यात लवकर सुकतो.

आयजीबीटी अजून लावायचा नाही. आधी गेट तपासायचं.

अचलपूरची

गेट तपासण्याची पद्धत मी लिहिते, सोल्डरगन दादा चुकलं तर दुरुस्त करा.

सिरीज बोर्ड लागेल : मेन्सच्या फेजमध्ये २०० वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही. आयजीबीटी नसताना बोर्डाला पॉवर द्या. बल्ब क्षणभर पेटून विझला पाहिजे, ते कपॅसिटर भरणं. तसाच उजळ राहिला तर ब्रिज, कपॅसिटर किंवा व्हॅरिस्टर शॉर्ट.

इथं पुष्कळ जण फसतात. मोटर काढून सिरीज बल्ब लावला आणि बल्ब विझला, म्हणजे आयजीबीटी चांगला, असं नाही. मोटर नसेल तर शॉर्ट आयजीबीटीतूनही करंटला वाटच नाही. त्यासाठी मोटरच्या जागी लोड हवा. ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब एकमेकांना सिरीजमध्ये जोडून एम प्लस आणि एम मायनसवर (बोर्डावर मोटरच्या दोन तारा लागतात त्या जागा) लावा. एकच लावला तर ३२५ व्होल्टला उडू शकतो. स्टार्ट न दाबता हे बल्ब पेटले तर आयजीबीटी शॉर्ट किंवा गेट अडकलेलं.

आधी आयजीबीटीशिवाय : मीटर डीसीवर, लाल गेटच्या पॅडवर, काळी एमिटरच्या पॅडवर, चिमटे पॉवर बंद असतानाच लावून. स्टार्ट नसताना शून्य हवं. स्टार्ट दाबून तीन-दोन-एक झाल्यावर दोन-तीन व्होल्ट दिसतील आणि स्पीड वाढवला की वाढतील. मीटर सरासरी दाखवतो : १५ व्होल्टचे पल्स २० टक्के वेळ चालू असतील तर ३. मोटर फिरत नसल्यामुळे स्पीडचा सिग्नल येत नाही, काही सेकंदांत बोर्ड एरर देऊन थांबेल. तो दोष समजू नका, तेवढ्या वेळात वाचन घ्या. काही बोर्ड मोटर जोडलेली नाही म्हणून सुरूच होत नाहीत, तिथं लोडचे बल्ब लावून मग हीच चाचणी.

गेट बरोबर आलं की आयजीबीटी बसवून, सिरीज बल्ब आणि लोड बल्ब दोन्ही ठेवून पुन्हा. लोड बल्ब स्पीडप्रमाणे मंद-तेज व्हायला हवेत.

सोल्डरगन

बरोबर. एकच भर : सिरीज बल्ब असताना लोड जास्त झाला की बोर्डाचा छोटा सप्लाय कोसळून कन्सोल बंद-चालू होऊ शकतो. ते बल्बमुळे. त्यासाठी बोर्ड उकलत बसू नका.

बाइंडिंगवाला_पांढरकवडा

मोटरकडे कुणी पाहिलं नाही अजून. बोर्ड चांगला करून खराब मोटरला जोडला तर पुन्हा तेच.

दोन कार्बन ब्रश काढा. मूळ लांबीच्या एक तृतीयांशाखाली असतील तर बदला. एक चमकदार आणि एक खडबडीत झिजला असेल तर त्या बाजूची स्प्रिंग अडकते. होल्डरमध्ये ब्रश स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) चॉकलेटी चालेल, काळा आणि काठ जळलेला नाही चालणार. पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनच्या भुकटीनं भरल्या असतील तर टोकदार बांबूच्या काडीनं मोकळ्या करा. सॅंडपेपर लावायचाच असेल तर बारीक, ६०० नंबरचा. एमरी पेपर नको, त्याची भुकटी करंट वाहून नेते.

मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर ब्रशची तार आणि बॉडी यांच्यात मोजा. मोटर बोर्डापासून पूर्ण सोडवूनच, नाहीतर मेगर बोर्ड मारेल. एक मेगाओहमच्या खाली असेल तर आतली कार्बनची भुकटी ब्लोअरनं काढा, पुन्हा मोजा. तरीही कमी असेल तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाइंडिंगला.

मग ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी मोटरला लावा, ड्राइव्ह बेल्ट उतरवून. १८० व्होल्टला ४२००, तर १२ व्होल्टला अडीचशे-पावणेतीनशे आरपीएम, म्हणजे डोळ्यांनी पाहता येईल असं. एकसारखी फिरली पाहिजे. एका जागी अडखळत असेल, हातानं ढकलल्यावरच उठत असेल, तर आर्मेचरची एखादी कॉइल उघडी किंवा शॉर्ट आहे. मॅग्नेट कमजोर झाला असेल तर उलटं : मोटर अपेक्षेपेक्षा जोरात फिरते पण हातानं शाफ्ट सहज धरता येतो. अशा मोटरला करंट नेहमी जास्तच लागतो, तिला बोर्ड पुरत नाही.

वऱ्हाडी_वायरमन

हाव, बॅटरीची युक्ती लय भारी. पण चिमटे लावताना बॅटरीवर ठिणगी पाडू नका, चार्जिंग झालेल्या बॅटरीतून गॅस निघत राह्यते. आधी मोटरकडून जोडा, मंग बॅटरीकडून, अन् जरा दूर राहा.

सप्लायचं बी पाहा लागते. खेड्यात डीपीवर न्यूट्रल ढिला झाला का एका फेजवर दोनशेच्या खाली अन् दुसऱ्यावर तीनशेच्या वर जाते. घरात एका खोलीतला बल्ब मंद अन् दुसऱ्यातला एकदम तेज झाला तं न्यूट्रलच समजा. लाइनमनले सांगा, सोता पोलवर चढू नका.

सोल्डरगन

हा मुद्दा महत्त्वाचा. १४डी४७१ व्हॅरिस्टर ३०० व्होल्ट एसीपर्यंत सतत सहन करतो. न्यूट्रल गेला आणि ३४० आले तर तो तापून फुटतो आणि फ्यूज उडवतो. त्याचं कामच ते. फुटला म्हणून काढून टाकून तसाच बोर्ड चालवायचा नाही. ३४० व्होल्ट एसीचे बसवर ४८० व्होल्ट डीसी होतात आणि बोर्डावरचे कपॅसिटर ४५०चे. पुढचा नंबर त्यांचा.

उपाय वायरिंगमध्ये : डीआयएन रेलवर बसणारं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. १८० आणि २६५ला सेट करा, पुन्हा जोडण्याची वेळ दोन-तीन मिनिटं ठेवा. लोडशेडिंगनंतर लाइट आल्याबरोबरचे पहिले झटके त्यातच निघून जातात. व्यायामशाळेत तर माणसं मशीन चालू ठेवूनच निघून जातात.

कमी व्होल्टेजचं वेगळं दुखणं आहे. तो पांढरा सिमेंट रेझिस्टर सुरुवातीला कपॅसिटर हळू भरण्यासाठी असतो, नंतर रिले त्याला बायपास करतो. व्होल्टेज पडून रिले फडफडला की मोटरचा सगळा करंट त्या रेझिस्टरमधून जातो आणि तो तडकतो. तुमचा तडकला नाही ना, ओहम मोजून ठेवा.

दारव्हेकर

रेझिस्टर ठीक आहे, अंगावर छापलेला आकडाच दाखवतो. रिलेची कॉइलही चांगली.

ब्रश : एक ठीक, एक खूपच झिजलेला, जोडी बदलली. मेगर १४ मेगाओहम. बॅटरीवर मोटर एकसारखी फिरली.

टीएलपी२५०च्या पायांवर सप्लाय ९.४ व्होल्ट होता. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलल्यावर १५.१. नवा ३५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा टाकला. टीएलपी२५०, २२ ओहम, झेनर बदलले. तांबं काढलं. गेटवर स्टार्टआधी शून्य, स्टार्टनंतर २.६ आणि वाढतं.

पट्ट्याखाली हात घातला, डेक पार कोरडा. मध्ये पांढरट भुकटी.

आता प्रश्न : आयजीबीटी हीटसिंकवर बसवताना त्यांच्या मधला जुना अभ्रक (इन्सुलेशनचा तुकडा) तुटला. नुसती पेस्ट लावून कसला तर?

सोल्डरगन

अजिबात नाही. आयजीबीटीची पाठ म्हणजे कलेक्टर आणि एमयूआर१५६०ची पाठ म्हणजे कॅथोड, म्हणजे एकीवर एम मायनस आणि दुसरीवर प्लस बस. दोन्ही एकाच हीटसिंकवर उघडे बसले तर एम प्लस आणि एम मायनस शॉर्ट, म्हणजे मोटरच शॉर्ट, आणि आयजीबीटी पहिल्याच पल्सला जाईल. हीटसिंक फ्रेमला कसलेला असेल तर फ्रेममध्ये करंटही उतरेल. नवा अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड आणा. अभ्रकाला दोन्ही बाजूंनी पेस्टचा पातळ थर, सिलिकॉन पॅडला पेस्ट नाही. स्क्रूच्या भोकाला प्लास्टिकचं बुश लागतं का तेही पाहा. कसल्यावर पाठ आणि हीटसिंक यांच्यात मीटरनं ओपन दिसलंच पाहिजे. पाय आधी झाळून मग स्क्रू कसू नका. उलट करा, आधी कसा मग झाळा. नाहीतर ताण पायांच्या मुळाशी राहतो आणि पुढे सांधा तडकतो.

तो डायोड चांगला निघाला हे बरं, पण त्याच्याबद्दल एक लिहून ठेवतो. आयजीबीटी बंद झाला की मोटरचा करंट या डायोडमधून फिरत राहतो. हळू चालताना बसच्या ३२५मधले मोटरला साठ-सत्तरच व्होल्ट लागतात, म्हणजे आयजीबीटी सुमारे २० टक्के वेळ चालू आणि उरलेले ८० टक्के करंट डायोडात. जड माणूस हळू चालत असेल तेव्हा सगळ्यात जास्त तापतो तो हा. इथं ६ए१० किंवा ५४०८सारखा साधा डायोड चालत नाही, तो वेळेत बंद होत नाही आणि दर सायकलला आयजीबीटीवर शॉर्टसारखा झटका देतो. "डायोड तर दहा अँपिअरचा टाकला होता" म्हणणाऱ्यांचे बोर्ड यानंच जातात.

काटोलकर

आमच्याकडेही ट्रेडमिल आहे, पण तिच्यात ई०१ येतो. यातलंच काही?

अचलपूरची

कोड कंपनीप्रमाणे बदलतात, पण ई०१ बहुतेक ठिकाणी कन्सोल आणि खालच्या बोर्डातला संवाद तुटल्याचा. घडी होणारी मशीन असेल तर उभ्या खांबाच्या बिजागरीपाशी केबल चिमटलेली असते, नाहीतर उंदरानं कुरतडलेली. दोन्ही टोकांना चारही तारांची कंटिन्युइटी केबल हलवत हलवत मोजा. तारा ठीक असतील तर वरच्या टोकाला १२ व्होल्ट पोहोचतात का ते पाहा.

ई०३ आला तर स्पीड सेन्सर. पुलीवर लोहचुंबक असतो, त्यासमोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारा), अंतर तीन ते पाच मिलिमीटर. पुली हातानं फिरवून मीटरवर उघडझाप दिसली पाहिजे. तीन तारा असतील तर तो हॉल सेन्सर, त्याला आधी ५ व्होल्ट मिळतात का पाहा. सेन्सर सुटला की काही मशीन थांबण्याआधी झटका देऊन वेग वाढवतात, सांभाळून.

आणि जिमची मोठी मशीन असेल, मोटरला तीन तारा आणि ब्रश नाहीत, तर ती एसी मोटर आणि इन्व्हर्टर ड्राइव्ह. या धाग्यातलं निम्मं तिला लागू नाही.

वऱ्हाडी_वायरमन

काटोलकर भाऊ, झाकन उघडलंच आहे तं आतून साफ करून घ्या. कापसाच्या दिवसात तंतू जाऊन मोटरच्या पंख्यावर गोधडी जमते. अन् पाली. ब्रिजच्या दोन पायांमधात पाल चिकटून जळली का तिथलं प्लेट कोळसा होते अन् कोळसा करंट खाते. निरा पुसून होत नाही, कोळसा खरवडून टाका लागते, मंग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नं पुसा. हवा जायच्या जाळ्या बुजवू नका, बारीक जाळी लावा. उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशी पार करते, टिनाच्या शेडमधात तं इचारूच नका.

दारव्हेकर

बसवलं सगळं. लोड बल्ब स्पीडप्रमाणे मंद-तेज झाले. मग मोटर जोडली, ड्राइव्ह बेल्टशिवाय, सिरीज बल्ब काढून : सुरळीत. मग बेल्ट चढवून, पट्ट्यावर कुणी नसताना : सुरळीत.

डीसी क्लॅम्प मीटर मिळवला. मोटरच्या एका तारेवर, ६ किलोमीटरच्या वेगावर ८० किलोचा माणूस चालवला : तेल टाकण्याआधी ११.५ अँपिअर आणि थोड्या वेळात ई०५. म्हणजे शंट आता खरं बोलतोय. २५ मिली सिलिकॉन टाकून रिकामा पट्टा पाच मिनिटं फिरवला, मग तोच माणूस, तोच वेग : ६.१ अँपिअर. ई०५ नाही.

बाइंडिंगवाला_पांढरकवडा

पट्टीवर १० अँपिअर आहे, ६ म्हणजे आरामात. साधा एसीचा क्लॅम्प मीटर तिथं शून्य दाखवतो, ते बाकीच्यांसाठी. आणि डीसी क्लॅम्पला दरवेळी आधी झिरो करायचं.

महिना-दीड महिन्यानं हाच आकडा पुन्हा घ्या. आठच्या वर गेला की तेल. तेल टाकूनही खाली येत नसेल तर डेक उलटा करा, दोन्ही बाजूंनी आवरण असलेला असेल तर, नाहीतर पट्टा आणि डेक सोबत बदला. नवा पट्टा झिजलेल्या डेकवर लवकर जातो.

दारव्हेकर

स्टॅबिलायझर किती केव्हीएचा? दुकानदार म्हणतो २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट, २ केव्हीए पुरे.

सोल्डरगन

दुकानदार मोटरचं आउटपुट मोजतोय. मोटरला फुल लोडवर १८० गुणिले १०, म्हणजे १८०० वॅट इनपुट. हा बोर्ड ब्रिज आणि कपॅसिटरमधून करंट टोकाटोकांनी ओढतो, पॉवर फॅक्टर ०.६ ते ०.६५. म्हणजे साधारण ३००० व्हीए. ४ केव्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल लावू नका आणि प्लग १६ अँपिअरचाच.

वऱ्हाडी_वायरमन

अर्थिंगचंही पाहा. काळ्या मातीत मे महिन्यात भेगा पडते अन् अर्थिंगचा खड्डा सुकून जाते. पानी टाकत जा. न्यूट्रल-अर्थमधात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तं बरोबर नाही.

चिखलीवाला

फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहायचा ना? उजळ पेटला की अर्थिंग चांगलं.

अचलपूरची

नको. अर्थिंग खराब असेल तर त्या बल्बमधून मशीनची सगळी लोखंडी फ्रेम, आणि त्याच अर्थला जोडलेलं बाकी सगळं, फेजवर येतं. वायरमनकडे अर्थ टेस्टर असतो, त्यानं मोजून घ्या. कोरड्या हवेत पट्ट्यावर चालून स्टॅटिक साठतं आणि हात लावताच कन्सोल रिसेट होतो, त्यालाही फ्रेम ते कन्सोल ही अर्थची तार जोडलेली असणं लागतं. ती तार बहुतेक वेळा दुरुस्तीत राहून जाते. दारव्हेकर, तुमची जोडली का?

दारव्हेकर

खरंच सुटी होती, खांबाच्या आत लोंबकळत. जोडली. शेवटचं : फ्यूज कितीचा? आत आधीच्या माणसानं तार गुंडाळली होती.

सोल्डरगन

१५ अँपिअर, सिरॅमिक, स्लो ब्लो, २५० व्होल्ट. काचेचा नको, शॉर्टला तो आत फुटून बोर्डावर धातू उडवतो. दोन जास्तीचे घेऊन झाकणाच्या आत टेपनं चिकटवून ठेवा, म्हणजे पुढचा माणूस तार गुंडाळणार नाही.